तीन पावसाळे उभी राहिलेली बिडाच्या ब्लॉकची बुलेट ३५०: जाम इंजिन कसं सोडवावं, खारं चढलेलं अ‍ॅल्युमिनियम कसं साफ करावं?

खाडीकाठ (मालवण)

नमस्कार मंडळी. गाडी बुलेट ३५०, बिडाचा ब्लॉक, सी.बी. पॉइंट (ठिणगीचा यांत्रिक स्विच), उजव्या पायात चार गिअर. तीन पावसाळे पडवीत उभी. समुद्र हाकेच्या अंतरावर. आजची स्थिती अशी:

न्यूट्रलमध्ये किक जागची हलत नाही. क्लच दाबून धरला की किक खाली जाते. प्लग काढला तर टोक तांबूस गंजलेलं. ब्लॉकच्या पात्यांवर गंजाचे पापुद्रे सुटलेत. क्रँककेस आणि टायमिंग कव्हरवर पांढरी भुकटी, खरवडली तर खाली बारीक खड्डे. तेल बदललेलं नाही.

इथल्या गॅरेजात दोन सल्ले मिळाले: किकवर जोर लावून सोडवा, आणि भाग कॉस्टिकच्या पाण्यात उकळून वाळूचं ब्लास्टिंग करा. दोन्ही पटत नाहीत. योग्य क्रम कोणी सांगेल का? इंजिन मूळ भागांसकट जितकं वाचेल तितकं वाचवायचं आहे.

---

सत्तर बाय नव्वद (चिपळूण)

क्लच दाबल्यावर किक जाते, म्हणजे गिअरबॉक्स आणि किकची दातरी मोकळी आहे, क्लचप्लेटाही चिकटलेल्या नाहीत. पकडलंय ते क्लचच्या पलीकडे, म्हणजे जवळपास नक्कीच पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (ब्लॉकमधली पिस्टनची नळी). उभ्या गाडीत एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यातून दमट खारी हवा आत जाते आणि बिडाच्या बोअरला रिंगांच्या रेषेत गंज धरतो. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियमही फुलतं. किकवर उडी मारली तर गंजलेली रिंग तुटून बोअरमध्ये उभी चर पाडते, शिवाय किकची दातरी जाते ती वेगळी.

पहिलं काम तेल काढायचं. इंजिन फिरवण्याआधी. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, क्रँकच्या खोलीच्या मागे असते, आणि बरेच महिने उभ्या गाडीत टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँकच्या खोलीत उतरतं. खालचे सगळे ड्रेन बोल्ट उघडा, एकच उघडून थांबू नका. पाणी तेलापेक्षा जड, तळाशी बसतं, म्हणून बोल्ट पूर्ण न काढता सैल करा आणि आधी काय येतं ते काचेच्या बरणीत धरा. आधी पाणी आणि मागून तेल आलं तर मेन बेअरिंगचा खालचा भाग पाण्यात होता असं समजा. ताकासारखं पांढरट आलं तरी तोच अर्थ.

मग प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल. बाजारातलं चालेल, पण ऑटोमॅटिक गिअरचं तेल म्हणजे एटीएफ आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं जास्त आत शिरतं. दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून लगेच ओता. ३० ते ४० मि.ली. एका वेळी, दिवसातून एकदा, पाच-सहा दिवस. गाडी मधल्या स्टँडवर, प्लगच्या भोकात कापडाचा बोळा.

तिसऱ्या दिवसापासून चौथा गिअर टाका, क्लच सोडलेला, प्लग काढलेला, आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवा. एका माणसाच्या हाताचा जोर, तेवढाच. चाक हललं, चेनमधला ढिलेपणा संपला आणि तिथे अडलं तर तिथेच हलकं डोलवत राहायचं. एक मिलिमीटर सुटलं की उलट दिशेला न्या, परत तेल. एका दमात पूर्ण फेरा काढायला जाऊ नका. सैल झालेला गंज म्हणजे पॉलिशपेपरची पूडच, ती रिंगांखालून बोअरभर फिरते.

सात-आठ दिवसांत नाही सुटलं तर हेड उतरवा. नट कर्णरेषेत, पाव-पाव फेरा. पाने मात्र बघून घ्या: या गाडीवर बरेच नट ब्रिटिश मापाचे आहेत, १३ किंवा १४ चा मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’ आणि जुना नट गोल करतो. हेड निघालं की बोअर वरून मिश्रणाने भरा, दोन दिवस थांबा, मग बोअरपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी व्यासाचा लाकडी ठोकळा पिस्टनच्या पूर्ण माथ्यावर ठेवून रबरी हातोडीने. पिस्टन आधीच तळाशी असेल तर खाली ठोकून काही होणार नाही, ब्लॉकच वर काढावा लागेल. तेव्हा पात्यांखाली पहार किंवा पेचकस घालू नका. बीड वाकत नाही, तुटतं.

---

माडाखालचं गॅरेज (गुहागर)

वरच्या मिश्रणाबद्दल एक भर: अ‍ॅसिटोन रंग उतरवतो आणि झटकन पेटतो. पेट्रोलची टाकी आधी उतरवून ठेवा. आणि जाम स्टडला मिश्रण लावल्यावर लगेच हीटगन धरू नका, निदान अर्धा तास वारा लागू द्या.

आता सफाई. इथे धातू ओळखून वागलं नाही तर गंजापेक्षा सफाईच जास्त नुकसान करते.

कॉस्टिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा काळ. ते काजळी काढतं हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियम विरघळवूनच. बुडबुडे दिसतात तो हायड्रोजन. क्रँककेसची पॅकिंगची तोंडं आणि बेअरिंगची घरं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने जरी खाल्ली गेली तरी बेअरिंग आत फिरायला लागतं, आणि त्यावर स्वस्त उपाय नाही. पिस्टन, हेड, क्रँककेस, कव्हर यांतलं काहीही कॉस्टिकमध्ये जाऊ देऊ नका.

वाळूचं ब्लास्टिंगही नको. वाळूचा कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतो, धुऊन निघत नाही, इंजिन तापलं की सुटतो आणि तेलातून थेट बिग-एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) जातो. क्रँककेससाठी दोनच पर्याय धरा: काचेच्या मण्यांचं पाण्यासकट होणारं व्हेपर ब्लास्टिंग किंवा सोडा ब्लास्टिंग. व्हेपरने रूप छान येतं, पण मणी तेलाच्या वाटांत अडकतात. देण्याआधी प्रत्येक वाट रबरी बुचाने बंद करा आणि आल्यावर पाइप-क्लीनर आणि हवेच्या दाबाने प्रत्येक वाट उलट-सुलट दोन्ही बाजूंनी मोकळी आहे ते बघा. सोडा पाण्यात विरघळतो म्हणून आत अडकण्याची भीती कमी, पण तो अल्कली आहे, नीट धुतला नाही तर वर रंग धरत नाही.

ब्लास्टिंगच्याही आधीचं काम मीठ काढण्याचं, आणि तेच बहुतेक जण वगळतात. पांढरी भुकटी घासून गेली तरी खड्ड्यांत क्षार उरतो आणि पहिल्या दमट रात्री परत फुलतो. भाग आधी डिझेलने धुऊन चिकटा काढा (रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं), मग गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण, नायलॉनचा ब्रश, हे दोन-तीन वेळा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने शेवटचा हात मारू नका. साठवलेलं पावसाचं पाणी किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. भाग गरम असतानाच वाऱ्याने सुकवा.

पोलादी तारेचा ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर फिरवू नका. त्याचे कण रुततात आणि आठवड्याभरात तांबडे ठिपके उमटतात. पितळी ब्रश घ्या, नाहीतर नायलॉनची जाळी.

बिडाच्या ब्लॉकला वेगळी पद्धत. विद्युत विघटनाने गंज काढणं मला सगळ्यात चांगलं वाटतं, कारण त्यात शाबूत बीड खाल्लं जात नाही. प्लास्टिकची बादली, दर लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण वायर ब्लॉकला, धन वायर भंगार लोखंडी पत्र्याला. उलट जोडलं तर ब्लॉकच खाल्ला जाईल. पत्रे ब्लॉकच्या चारी बाजूंना ठेवा, आणि बोअरच्या मधोमध एक सळई, कुठेही न टेकता, कारण पत्र्यासमोर असेल तोच भाग साफ होतो. दोन ते पाच अँपिअरवर १२ ते २४ तास. स्टेनलेसचा पत्रा कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, तेव्हा हे अंगणात करा, बंद खोलीत नाही. ब्लॉकला अ‍ॅल्युमिनियमचं काहीही चिकटलेलं नको. बाहेर काढल्यावर काळी साय राहते, ती गरम पाण्यात ब्रशने जाते. लगेच सुकवून तेल लावा. आपल्या हवेत उघडं बीड तासाभरात लालसर होतं.

पात्यांना नंतर ३०० अंशांच्या वर टिकणारा रंग, दोन पातळ हात. जाड थर किंवा पावडर कोटिंग नको, उष्णता अडते.

कव्हरांचं बफिंग झालं की वर लॅकर मारायचा मोह होतो. किनाऱ्यावर मारू नका. एखादा ओरखडा पडला की खारी हवा आत शिरते आणि लॅकरखाली किड्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरतात, मग सगळा लॅकर खरवडावा लागतो. मेण लावा, दर महिन्याला पुसा.

---

पाना तेरा-चौदा (कणकवली)

एकच सांगतंय. इंजिन नंबरार टेप लावल्याशिवाय क्रँककेस ब्लास्टिंगाक देव नको. मगे पासिंगाक गेल्यार नंबर वाचूक येवक नाय तर गाडी थयच रवतली. आधी फोटो काढ, पेन्सिलीन छाप घेवन ठेव, आणि बफिंगवाल्याकय तोंडान सांग.

---

खाडीकाठ (मालवण)

सगळ्यांचे आभार. पाचव्या दिवशी चाक डोलायला लागलं, सहाव्या दिवशी पूर्ण फेरा झाला. हेड आणि ब्लॉक उतरवला. सापडलं ते असं:

ड्रेनमधून आधी साधारण १५० मि.ली. पाणी, मग काळं तेल. बोअरमध्ये रिंगांच्या उंचीवर गोल पट्टा, नखाला लागतो. वरची रिंग खाचेत चिकटलेली. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर खड्डे, इनटेक बरा. कनेक्टिंग रॉड डावीकडे-उजवीकडे थोडा हलतो, वर-खाली खेळ हाताला लागत नाही. पण क्रँक फिरवताना बारीक करकर येते. ब्लॉकचा एक स्टड क्रँककेसमध्ये पांढरा पडून घट्ट बसलाय.

होनिंगवर (बोअर दगडाने हलकं घासण्यावर) भागेल की बोअरिंगच (कापून मोठं करणं)?

---

लेथवरून (कुडाळ)

नखाला लागतो म्हणजे होनिंगवर भागणार नाही. होनिंग फक्त चकाकी मोडून तिरपी जाळी पाडायला. खड्डा जाईपर्यंत होन चालवलात तर बोअर मधेच फुगतो आणि नवी रिंग तिथे झाकत नाही. मूळ माप ७० मि.मी. आहे, स्ट्रोक ९०. पहिला ओव्हरसाइज (वाढीव मापाचा पिस्टन) ०.०२० इंच, म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर, दुसरा ०.०४०. पिस्टन आधी विकत घ्या, मापा, मग त्या पिस्टनला धरून बोअर करायला सांगा. ‘पहिल्या साइजला मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा’ असं म्हणणाऱ्या दुकानात ब्लॉक सोडू नका. पिस्टन आणि बोअरमधली फट पिस्टनसोबतच्या कागदावर असते तीच ठेवा. घट्ट बसवलेलं इंजिन ‘मोकळं होईल’ असं नसतं, बिडाच्या ब्लॉकमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापून पकडतो. आपल्या बाजूला काम मनासारखं झालं नाही तर कोल्हापूरचं उद्यमनगर फार लांब नाही, तिथे असल्या ब्लॉकचा हात बसलेले कारागीर आहेत.

बोअर झाल्यावर धुणं. पेट्रोलने पुसून बसवणं ही सर्रास होणारी चूक. पेट्रोल तेल नेतं, होनिंगची पूड जाळीतच ठेवतं. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश, मग पांढऱ्या सुती कापडाला इंजिन ऑइल लावून पुसा. कापड राखाडी येतंय तोवर परत साबण. कापड पांढरं आलं की तेलाचा हात देऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट फिलर गेजने मोजा. ढोबळ हिशेब दर इंच बोअरला चार हजारांश इंच, म्हणजे इथे ०.२८ मि.मी. पेक्षा कमी नको, ०.३० ते ०.४० मध्ये असू द्या. कमी असेल तर कानशीने टोक घासा. गजनपिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक जुने परत वापरू नका.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: खड्डे बारीक असतील तर आधी जाड, मग बारीक पेस्टने घासा आणि राखाडी अखंड पट्टी येते का बघा. मग व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता, दहा मिनिटांत चेंबरमध्ये ओल उतरली तर परत. घासून घासून व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसायला लागला तर थांबा, सीट कापून नवा व्हॉल्व्ह घाला.

करकर मात्र सोडू नका. १५० मि.ली. पाणी क्रँकच्या खोलीत होतं, बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडलेत. वरचं सगळं नवं करून खालचं तसंच ठेवलं तर हजार किलोमीटरच्या आत परत केस उघडावी लागते. केस उघडा, मेन बेअरिंग बदला. क्रँककेस १०० ते १२० अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चुरचुरून उडाला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनाने गळतं. थंड केसमधून ठोकून काढलेलं बेअरिंग घर ओरबाडून येतं.

अडकलेल्या स्टडलाही तीच युक्ती. भोवतीची केस तापवा, स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून पाना लावा, आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या. परत बसवताना आटे साफ करून अँटी-सीझ लावा, नाहीतर पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि खारी हवा यांचं परत तेच होणार.

---

सत्तर बाय नव्वद (चिपळूण)

लेथवाल्यांशी सहमत, केस उघडाच. उघडलीच आहे तर कनेक्टिंग रॉडचा मोठा कान, म्हणजे फ्लोटिंग बुश, तोही बघून घ्या. बाजूला हलणं साहजिक आहे, वर-खाली अजिबात नको. तेलाचे दोन्ही पंप उघडून तोंडं आरशावर ठेवलेल्या बारीक पेस्टने सपाट करा. टायमिंग कव्हरमधलं फिल्टर आणि क्रँकच्या टोकाला तेल पोचवणारं छोटं सील नवंच घाला. ते सील गळकं असेल तर बिग-एंडला दाबाने तेल जात नाही, आणि बाहेरून काही कळत नाही.

जोडणी झाल्यावर:

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनला, पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर. पुशरॉड दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, वर-खाली खेळ नको. एक्झॉस्टचा किंचित जास्त मोकळा.

सी.बी. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मि.मी. पॉइंटवर हिरवट-पांढरा थर असेलच, ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने काढून कोऱ्या कागदाने पुसा. ठिणगीचं टायमिंग पिस्टन माथ्यावर यायच्या ०.८ मि.मी. आधी, ऑटो-अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना.

कार्बुरेटरच्या जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ते हवेतलं पाणी धरतं आणि जुनं रबर फुगवतं. पेट्रोलची नळी आणि कार्बुरेटरमधलं सगळं रबर नवं घाला.

तेल २०डब्ल्यू५० साधं मिनरल, सिंथेटिक सध्या नको. प्लग काढून, चावी बंद ठेवून, तीस-चाळीस किक हलक्या. मग सुरू करून रॉकरला जाणाऱ्या नळीचा वरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा. अर्ध्या-एक मिनिटात तेल पाझरलं पाहिजे. नाही आलं तर लगेच बंद, पंपात हवा अडकलीय. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट परत टॉर्क करा, टॅपेट परत बघा.

पहिलं तेल ५० ते १०० किलोमीटरवर बदला, दुसरं ५०० वर. तोवर ५० च्या वर वेग नको, पण चौथ्या गिअरात धापा टाकत चढावरही नेऊ नका. आपल्याकडे दर खाडीला उतार आणि लगेच चढ, तिथे गिअर आधीच खाली टाका. घाट ५०० झाल्यावर.

---

खाडीकाठ (मालवण)

केस उघडायला घेतली. एक शेवटचं: पुढच्या पावसाळ्यात गाडी चारेक महिने उभीच राहणार. काय केलं म्हणजे परत हीच वेळ येणार नाही? बरेच जण आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवा म्हणतात.

---

माडाखालचं गॅरेज (गुहागर)

पाच मिनिटं अजिबात नको. पेट्रोल जळून जे पाणी तयार होतं ते थंड इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये साचतं, बाहेर जाण्याइतकं इंजिन तापतच नाही. सुरू करायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नाहीतर हातच लावू नका.

मेच्या शेवटी तेल बदला, जुन्या तेलात आम्ल असतं. एकदा व्यवस्थित चालवून नवं तेल फिरवा, कार्बुरेटरचं पेट्रोल खालच्या स्क्रूने सोडा. इंजिन गार झाल्यावर प्लगमधून १० ते १५ मि.ली. इंजिन ऑइल, दोन-तीन हलक्या किक, आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणून सोडा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे बोअरला बाहेरची हवा लागत नाही. तुमचा एक्झॉस्ट उघडा राहिला होता, म्हणून त्याच्याच तोंडावर खड्डे पडले.

सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत तेलकट कापडाचा बोळा घाला, वर प्लास्टिक बांधा, आणि ‘बोळे काढा’ अशी चिठ्ठी हँडलला अडकवा. पूर्ण गाडीवर मात्र प्लास्टिक टाकू नका, खाली घाम धरतो. जुनी सुती चादर पुरते. मागचं चाक जमिनीपासून उचललेलं असू द्या आणि गाडी शेणाच्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, ओल खालूनच जास्त येते.

गणपतीत बोळे काढलेत की आधी ड्रेन बोल्ट सैल करून पाणी आहे का बघा, मगच किक.